मॅटाडोर बेल्ट खाते, पुली डगमगते, समोरून टकटक येते: डॅम्पर पुली कशी तपासायची आणि कशी बदलायची

नागपुरात मॅटाडोर अजून बऱ्याच चालून राहिल्या आहेत. मंडपवाल्यांकडे आहेत, कॅटरिंगवाल्यांकडे आहेत, काटोल-नरखेडकडून कळमना बाजारात संत्री आणणाऱ्यांकडे आहेत, आणि काही हौशी लोकांनी विकत घेऊन, रंगवून जपून ठेवल्या आहेत. या गाड्यांची एक तक्रार माझ्याकडे परत परत येते आणि सुरुवात नेहमी सारखीच: "भाऊ, बेल्ट टिकतच नाही." बेल्ट बदलला, काही दिवस चांगलं चाललं, परत तेच. मग अल्टरनेटर खोलला, वॉटर पंप बदलला, कोणी तर बेअरिंग गेलं म्हणून इंजिनच उतरवायला निघतो, आणि शेवटी दोष निघतो क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या टोकावरच्या डॅम्पर पुलीत, जिच्याकडे तोपर्यंत कोणी टॉर्च मारून पाहिलेलंही नसतं.

आधी लक्षणं सांगतो. सगळी एकत्र येतीलच असं नाही, पण दोन-तीन जुळली की पुलीवर संशय घ्या.

बेल्ट एका कडेने झिजतो, कधी पुलीच्या गाळ्यात (खाचेत) उलटा होतो, आजूबाजूला काळी भुकटी पडते. आयडलिंगला समोरून लयीत टकटक येते, रेस दिली की ती बदलते किंवा दबून जाते, आणि ऐकणाऱ्याला कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाटते. एका ठरावीक रेसवर सगळी केबिन थरथरते, त्याच्या वर-खाली गाडी ठीक. पुलीच्या मागून ऑईल येते. चार्जिंगचा लाईट मिणमिणतो, चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये टेम्परेचर वाढते, कारण तोच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो. आणि एक लक्षण सगळ्यांना गोंधळात टाकते: डिझेल पंपवाल्याने पुलीवरच्या मार्कवर टायमिंग बरोबर लावलं तरी गाडी धूर मारते किंवा नोकिंग करते.

आता ही पुली करते काय ते थोडक्यात, कारण ते समजलं नाही तर पुढच्या तपासण्या का करायच्या ते लक्षात येणार नाही. मॅटाडोर १९६९ पासून रस्त्यावर आहे आणि इतक्या वर्षांत त्यात एकापेक्षा जास्त प्रकारची इंजिनं आली, नंतर लोकांनीही बदलाबदली केली. जास्त दिसतं ते मर्सिडीजच्या डिझाइनचं ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन पॉवर स्ट्रोक होतात, म्हणजे ७५० आरपीएमच्या आयडलिंगलाही क्रँकला सेकंदाला २५ झटके बसतात. प्रत्येक झटक्याला क्रँक किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. ती पिळवट मारायचं काम डॅम्परचं. मधे हब, म्हणजे क्रँकवर बसणारा भाग, त्यावर रबराची रिंग, आणि बाहेर जड लोखंडी रिंग. क्रँकला झटका बसला की बाहेरची रिंग थोडी मागे राहते आणि मधलं रबर तो झटका पिऊन टाकते. रबर मेलं की ती पिळवट क्रँकमध्ये, कीमध्ये (हब क्रँकवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेली लोखंडी पट्टी) आणि टायमिंग चेनमध्ये जाते. म्हणूनच मी म्हणतो की बेल्टपुरता हा विषय नाही, क्रँक वाचवायचा विषय आहे.

काही इंजिनांवर रबर नसलेली सरळ कास्टची पुली असते. तुमच्या गाडीवर काय आहे ते आधी पाहा: समोरून पाहिलं की हब आणि कडा यांच्यामध्ये काळी गोल रेघ दिसली तर रबरवाली. नुसती कास्टची असेल तर खाली रबराचं जे लिहिलंय ते सोडा, पण की, बोल्ट आणि सीलचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

आता तपासण्या, फुकटापासून महागाकडे. क्रम मोडू नका, कारण पहिल्या तपासण्यांमध्येच निम्म्या गाड्यांचा निकाल लागतो आणि पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) हातात घ्यायची गरजच पडत नाही.

इंजिन बंद, थंड, चावी खिशात. इंजिनचं कव्हर काढा, समोरून आणि खालून टॉर्च मारा. रबराला चिरा आहेत का, रबर एका बाजूने फुगून बाहेर आलंय का, बाहेरची रिंग हबच्या मानाने पुढे किंवा मागे सरकली आहे का. बोटाने रबर दाबून पाहा, नख अजिबात रुतत नसेल तर ते दगड झालंय, आणि चिकट, लिबलिबीत लागत असेल तर ऑईल पिऊन मऊ झालंय. आपल्याकडे नवतपात पारा ४५ च्या वर जातो, त्यात केबिनखालचं बंदिस्त इंजिन आणि समोर तापलेलं रेडिएटर, रबर कडक व्हायला वेळ लागत नाही. मग मधल्या बोल्टच्या वॉशरभोवती नीट पाहा. तिथे तांबूस, कोरडी, बारीक भुकटी दिसली तर ती साधी गंजाची समजू नका. लोखंडावर लोखंड घासल्याची ती भुकटी असते, म्हणजे हब क्रँकवर हलून राहिला आहे. ही भुकटी दिसली की पुढे गाडी चालवणं बंद करा आणि सरळ खोलायच्या भागाकडे या.

दुसरं, बेल्ट काढा आणि इंजिन चालू करा, पण एका मिनिटाच्या आत बंद करा कारण वॉटर पंप फिरत नाही. आवाज गेला तर तो अल्टरनेटर किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा, ते हाताने फिरवून पाहा, खरखर कळते, पुली वाचली. आवाज तसाच राहिला तर तो क्रँकच्या टोकाचा किंवा इंजिनच्या आतला. या एका मिनिटाने खूप पैसे वाचतात, तरी लोक हे करत नाहीत आणि आधी अल्टरनेटर बदलतात.

तिसरी तपासणी माझी सगळ्यात आवडती आणि खर्च काही नाही. पुलीचा समोरचा भाग डिझेलने पुसून कोरडा करा, मग पांढऱ्या रंगाने हबपासून रबरावरून बाहेरच्या रिंगच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ मारा. ऑईल पेंटची बारीक ब्रश चालते, मार्कर नको, तो पुसला जातो. दुसरी रेघ बोल्टच्या डोक्यापासून हबवर मारा. आता गाडी नेहमीसारखी चालवा, एखादा भरलेला फेरा होऊ द्या. परत आल्यावर पाहा. पहिली रेघ रबराजवळ तुटून दोन तुकडे पुढे-मागे झाले असतील तर बाहेरची रिंग रबरावर घसरून राहिली आहे, डॅम्पर मेला, त्यावर इलाज नाही, बदलायचाच. एका संत्रीवाल्याच्या गाडीत काटोलच्या एका फेऱ्यात रेघेचे दोन तुकडे दोन बोटं अंतरावर गेले होते, आणि पुली हाताने हलवली तर मात्र टणक लागत होती. हाताने घसरत नाही म्हणून चांगली आहे असं धरू नका, तिथे झटका इंजिनचा असतो, हाताचा नाही. दुसरी रेघ तुटली असेल तर बोल्ट सैल होऊन राहिला आहे किंवा हब कीवर हलतो आहे.

याच रेघेतून मार्कचा गोंधळही सुटतो. टायमिंगचा मार्क जर बाहेरच्या रिंगवर कोरलेला असेल आणि रिंगच सरकली असेल तर मार्क खोटं बोलतो, आणि त्या मार्कवर डिझेल पंप लावला की टायमिंग चुकतं. पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून पिस्टन शोधून खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतानाची जागा) काढता येतो, पण प्री-चेंबरवाल्या डिझेलात हिटर प्लगच्या भोकातून पिस्टनपर्यंत काही पोचत नाही, तिथे सळई घालून पाहायचा प्रयत्न करू नका, चेंबरच खराब कराल. रेघ तुटली असेल तर आधी डॅम्पर बदला, मग पंपवाल्याकडे जा. उलटं केलं तर पैसे दोनदा जातात.

चौथं, डगमग. एक जाड तार इंजिनच्या कुठल्या तरी पक्क्या बोल्टला बांधून तिचं टोक पुलीच्या कडेपासून एक-दोन मिमीवर आणून ठेवा, इंजिन चालू करून लांबून पाहा. तार आणि कड यांच्यातली फट कमी-जास्त होत राहिली तर पुली आऊट मारून राहिली आहे. हात, ओढणी, दुपट्टा, सैल बाही काहीही जवळ नको, आणि बिघडलेल्या डॅम्परच्या बरोबर समोर उभं राहू नका, बाहेरची रिंग सुटली तर ती रेडिएटर फाडून येते. लेथवाल्याकडचं डायल गेज (बारीक डगमग मोजायचं घड्याळ) मिळालं तर इंजिन बंद ठेवून, क्रँक हाताने फिरवत मोजा, ते जास्त पक्कं.

पाचवी तपासणी बेल्ट काढलेला असतानाच करा आणि घाई नको, कारण इथे ठरते की हे काम तुमचं आहे की इंजिनवाल्याचं. पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ढकला. पुली हलते आणि मधला बोल्ट स्थिर आहे, तर खेळ हबमध्ये आहे. पुलीबरोबर बोल्टही आत-बाहेर येतो, तर अख्खा क्रँक सरकतो आहे, तो एंड प्ले. मग कोणाला तरी क्लच दाबायला सांगा. क्लच दाबल्यावर पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे येत असेल तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेले. चांगल्या इंजिनात हा खेळ मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतकाच असतो, तो असा दिसत नाही. इथे थांबा. नवीन डॅम्पर लावून काही होणार नाही, आणि तसंच चालवलं तर ब्लॉकची बैठक खाल्ली जाते. हे काम इंजिन बांधणाऱ्याचं.

त्यानंतर पुली फिरवायच्या दिशेने पुढे-मागे झटकून पाहा. बोल्ट जागेवर आणि पुली थोडीशी फिरते, टक-टक लागते, तर की किंवा तिची खाच, म्हणजे कीवे, खाल्लेला आहे. आणि बोल्ट सैल सापडला तर नुसता कसून गाडी देऊ नका. सैल बोल्टवर चाललेल्या हबखाली की बहुतेक चेपलेली असते, वरून कितीही कसा, ती आत हलतच राहते. मधल्या बोल्टवर कोणी वेल्डिंगचा टाका मारा म्हणेल, कीच्या बाजूला पत्र्याचा तुकडा ठोका म्हणेल. दोन्हीला सरळ नाही म्हणा. वेल्डिंगने क्रँकचं टोक कडक होऊन तडकतं, आणि पुढच्या माणसाला ते काढताच येत नाही.

आता खोलायचं ठरलं तर.

पार्ट आधी आणून ठेवा, गाडी उघडी टाकून बाजार फिरू नका. नागपुरात घाट रोडवर मिळेल किंवा मागवून देतील, पण जुनी पुली निघाली की बसवण्याआधी नवीन तिच्या शेजारी ठेवून जुळवा: बेल्टचे गाळे किती आणि कुठल्या खोलीवर, हबची लांबी, मार्कची जागा, आणि मागच्या बाजूला वजनासाठी ड्रिलची भोकं किंवा जाड भाग आहे का. त्या भोकांनी बॅलन्स केलेलं असतं, म्हणून "बाकी सगळं बसते" म्हणून दुसऱ्या इंजिनची घेऊ नका. रबरवालीच्या जागी लेथवर केलेली भरीव पुली तर अजिबात नको, ती बसते, फिरते, गाडी चालते, आणि क्रँक आत मार खात राहतो. डॅम्परबरोबर नवीन की, नवीन फ्रंट ऑईल सील, बोल्ट आणि त्याचे वॉशर घ्या. जुनं रबर परत चिकटवून देणारे भेटतात, मी ते काम घेत नाही, एका चिकटवणीवर ती जड रिंग रेडिएटरसमोर फिरवायची माझी तयारी नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. कूलंट उतरवा, जागा कमी पडते म्हणून रेडिएटर आणि फॅन काढलेलाच बरा, त्या अर्ध्या तासाने रेडिएटरची जाळीही वाचते आणि हातही. बोल्ट सोडताना क्रँक फिरू नये म्हणून बेल हाऊसिंगमधून (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या खोक्यातून) फ्लायव्हीलच्या दात्यांना लॉक लावा. ती सोय नसेल तर टॉप गियर टाकून एकाने ब्रेक दाबून बसायचं, चाकांना लाकडी गुटके लावून. पाना चेसिसला टेकवून सेल्फ मारायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, मी ती करू देत नाही. पाना सुटला तर हाड मोडतं, आणि चेपलेली की त्या एका झटक्यात कीवे फाडून टाकते.

बोल्ट सैल झाला की पूर्ण काढून टाकू नका, काही आटे बाहेर ठेवून तसाच राहू द्या, किंवा क्रँकच्या भोकावर जाड वॉशर ठेवा, म्हणजे पुलरचं टोक क्रँकचे आटे खराब करणार नाही. पुलर हबला लावायचा, हबला आटे असलेली भोकं असतील तर त्यात बोल्ट घालून. तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडेला अडकवून ओढला की रबर फाटते आणि हब जागेवरच राहतो. ओढताना पुलर ताणून ठेवा, मागे भेदक तेल (गंज सोडवणारं) मारा, थोडा वेळ थांबा, परत पाव फेरा. घण नको, कारण तो मार सरळ थ्रस्ट वॉशरवर जातो. गॅसचा टॉर्चही नको, सील आणि रबर दोन्ही जळतात.

हब बाहेर आला की मुख्य काम सुरू होते, ते म्हणजे पाहणं. क्रँकचं टोक पुसून चकचकीत करा आणि त्यावरून नख फिरवा. कीवेच्या दोन्ही भिंती सरळ, कोपरे धारदार पाहिजेत. भिंत गोल झाली असेल, नवीन की हाताने घातल्यावर हलत असेल, टोकावर पायरी पडली असेल किंवा कीवेच्या कोपऱ्यातून केसासारखी चीर निघालेली दिसली, तर हत्यार खाली ठेवा. चीर असलेला क्रँक गाडीत ठेवायचा नाही, कोणी काहीही सांगो.

हबवर सील जिथे फिरते तिथे पाहा. नखाला लागेल इतका गोल ओरखडा पडला असेल तर नवीन सीलही गळेल, आणि तेच ऑईल नवीन रबर खाईल. बऱ्याच गाड्यांमध्ये डॅम्पर परत परत जातो तो इथूनच. हब नवीन डॅम्परबरोबर येत असेल तर प्रश्न मिटला, जुनाच वापरायचा असेल तर त्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्या, किंवा सील एक-दोन मिमी आत दाबून ओठ नव्या जागी आणा, पण मागे ऑईलचं भोक झाकलं जाणार नाही इतकंच.

बसवताना नवीन की जागेवर पूर्ण आत, वर तिरकी नको. सीलच्या ओठाला ऑईल लावा, कोरडं चढवलं तर पहिल्या मिनिटात जळते. हब सरळ रेषेत आणून लांब स्टड आणि नटने ओढून घ्या, स्टड क्रँकमध्ये पूर्ण खोल गेलेला पाहिजे. मूळ बोल्टनेच ओढायला गेलात तर सुरुवातीला दोन-तीन आट्यांवर सगळा जोर येतो आणि क्रँकचे आटे निघून येतात. हब टेकला की मग बोल्ट, वॉशर ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने होते तसेच, आणि टॉर्क पाना तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलच्या आकड्यावर. "अंगाच्या जोराने कसला" हे या बोल्टला चालत नाही. टॉर्क पाना भाड्याने आणा, ओळखीच्या गॅरेजमधून मागा, पण लावा.

बेल्टच्या गाळ्यांवर सरळ पट्टी धरून क्रँक, पंप आणि अल्टरनेटर एका रेषेत आहेत का पाहा, नवीन बेल्ट टाका, इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर बेल्टचा ताण परत तपासा. आणि नव्या डॅम्परवरही ती पांढरी रेघ मारून ठेवा, पुढे दर सर्व्हिसला एक नजर टाकली की पुरते.

एवढं करूनही वर्षभरात परत गेला तर डॅम्परला दोष देण्याआधी इंजिनचं मिसिंग पाहा, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही का ते. डिझेल फवारणारं एक नोझल खराब असेल तर चारपैकी एक झटका कमजोर बसतो, क्रँक असमान पिळला जातो आणि रबर रात्रंदिवस मार खाते. आयडलिंग फार खाली उतरवून ठेवणाऱ्यांचंही हेच होते. नोझल टेस्ट करून घेणं डॅम्परपेक्षा स्वस्त आहे. इंजिनचं माउंटिंग बसलेलं असेल तर थरथर तीच वाटते, तेही पाहून घ्या.

ज्यांचा मामला कीवे खाल्ला, बोल्ट आत तुटला, आटे गेले किंवा बेल्ट काढूनही ठोका राहतो आणि गरम झाल्यावर ऑईल प्रेशर पडते इथे पोचला आहे, त्यांनी पुढे स्वतः काही करू नका. तुटलेला बोल्ट हाताच्या ड्रिलने काढायला गेलं की भोक तिरकं जाते आणि मग क्रँकच बदलावा लागतो. हिंगणा एमआयडीसीत क्रँकचं काम करणारे आहेत, त्यांच्याकडे क्रँक नेताना नवीन डॅम्पर, नवीन की आणि बोल्ट तिन्ही सोबत द्या, कारण टोक भरून परत टर्न करायचं किंवा कीवे मोठा करून पायरीची की बनवायची तर माप त्या हबच्या भोकावरूनच घ्यावं लागते, आणि काम झाल्यावर हब त्यांच्यासमोरच चढवून, डायल गेज लावून, आऊट नाही हे डोळ्यांनी पाहूनच क्रँक घरी आणा.